डॉ. सामकांनी सांगितलेली तीन पुस्तकं

"तीन सांगतो," डॉ. सामक म्हणाले. "आणि तिन्ही वाचलीत तरच पुढच्या वर्षी येईन. नाहीतर माझा चिखल मला पुरेसा आहे."

सभागृह हसलं. डॉ. प्रभंजन सामक हे समुद्राच्या तळाचा चिखल तपासून मोठे झालेले शास्त्रज्ञ. परदेशात त्यांच्या नावाचा एक किडा आहे म्हणे. अशा माणसाच्या विनोदाला हसावंच लागतं.

गावाचं नाव मी सांगणार नाही. घाटाखाली आहे, एवढं पुरे. या गोष्टीतली बरीच माणसं आता मेली, पण त्यांची मुलं वकील झालीत.

आमच्या वाचनालयाचा रिवाज असा. वर्धापनदिनाला एक पाहुणा बोलवायचा. त्याने तीन पुस्तकं सांगायची: एक विज्ञानाचं, एक मुलांचं, एक कादंबरी. वाचक मंडळाने ती वर्षभरात वाचायची आणि पुढच्या वर्धापनदिनाला त्याच पाहुण्यासमोर उभं राहून त्यांच्यावर बोलायचं. जो उत्तम बोलेल तो पंगतीला पाहुण्याच्या शेजारी. पहिला मोदक त्याच्या पानावर. या मोदकापायी सख्खे भाऊ एकमेकांशी बोलायचे थांबलेले मी पाहिलेत.

"विज्ञानाचं म्हणाल, तर माती कशी होते यावरचं एक छोटं पुस्तक आहे," डॉक्टर म्हणाले. "मुलांसाठी टिटवीची गोष्ट. चित्रं सुंदर आहेत. आणि कादंबरी..." इथे ते थांबले. "गो. ना. चिपट्यांची 'सातव्या वावेखाली'. ज्याने ती वाचली नाही त्याने स्वतःला वाचक म्हणवू नये."

"वा!" पहिल्या रांगेतून आवाज आला. ते आमचे अध्यक्ष, ॲडव्होकेट आप्पासाहेब खानविलकर. "काय आठवण काढलीत डॉक्टर! कॉलेजात असताना वाचली होती."

"हो?" डॉक्टरांनी चष्मा काढला. "आवडली?"

"आवडली म्हणजे! रात्रभर डोळ्याला डोळा नाही."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग सावकाश पाणी प्यायले.

मी तेव्हा तिथला ग्रंथपाल. विश्वनाथ मुळ्ये. तोंडावर विसूनाना, पाठीमागे विसू थापाड्या. ते नाव काही मला फुकट मिळालेलं नव्हतं. वाचनालयातल्या वाळवीने एकदा अख्खा शब्दकोश खाल्ला आणि तेव्हापासून ती फक्त शुद्ध बोलणाऱ्यांच्या घरची दारं पोखरते, हे मी गावाला सांगितलं होतं. खाडीतली एक मगर मुदत संपलेलं पुस्तक पाठीवरून परत आणून देते आणि दंडाचं नाव काढलं की बुडी मारते, हेही मीच सांगितलं होतं. लोक पुस्तक बदलायला म्हणून येत आणि माझी एखादी थाप ऐकून पुस्तक न घेताच जात. पगार नावाला होता. पण वाचनालयाच्या मागच्या दोन खोल्या आम्हाला राहायला होत्या, मला आणि माझ्या बायकोला, इंदूला. नोकरी म्हणजे आमचं छप्पर. दुसरीकडे कुठे एक कौलही आमच्या मालकीचं नव्हतं.

मातीचं पुस्तक आलं. टिटवीचं आलं. दोन्ही कपाटात तशीच कोरी राहिली, कुणी विचारलंसुद्धा नाही. सगळ्यांना हवी होती कादंबरी, आणि कादंबरी काही येईना.

पुण्याला विचारलं, गिरगावात विचारलं. कोल्हापुरातल्या रद्दीवाल्यांच्या ढिगांतून धूळ खाऊन आलो. तिथला एक म्हातारा दुकानदार म्हणाला, "चिपटे? मिठाचे व्यापारी चिपटे आहेत एक. ते लिहायला लागले की काय?"

इकडे गावात मात्र कादंबरी वाचून व्हायला लागली.

पहिल्या वाकणकरबाई. मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्या बोलायला लागल्या की समोरचा माणूस आपोआप हाताची घडी घालायचा.

"नाना, आली का कादंबरी?"

"नाही हो बाई. शोधतोय."

"राहू द्या. मी पुण्याला भाचीकडे वाचली." त्यांनी पदराने डोळ्याचा कोपरा टिपला. "ती सून हो! विहिरीत काय उतरते, दोराची एकेक वाव, चार चार हात, काय मोजते... सासरच्यांनी ढकलली की स्वतः गेली, लेखकाने सांगितलंच नाही शेवटपर्यंत."

बाजूच्या बाकावर आप्पासाहेब वर्तमानपत्र वाचत होते. ते दचकले. "सून? अहो बाई, जहाज ना? जहाज सात वावांवर बुडतं आणि मग विम्याचा खटला."

"जहाजही आहेच," वाकणकरबाई जराही न अडखळता म्हणाल्या. "पण जहाज उत्तरार्धात."

"बरोबर. मी उत्तरार्धाबद्दलच म्हणतोय."

"सुनेचा नवरा त्याच जहाजावर असतो, नाही का?"

"अर्थात! खलाशी."

माझ्यादेखत, माझ्या टेबलासमोर, त्या दोघांनी सुनेचं लग्न खलाशाशी लावून दिलं. पुढे गावातल्या दवाखान्याच्या डॉ. पडत्यांनी त्यात एक आंधळा सासरा घातला, आणि पोस्टमास्तरांनी एक तार. गणपतीपर्यंत गोष्ट अशी घट्ट बसली की नव्याने वाचणाऱ्याला विहिरीपासून सुरुवात करून जहाजावर संपवण्यापलीकडे काही कामच उरलं नाही. वाचक मंडळात वीस जण. विसांनी ती वाचली. वाचली नव्हती ती फक्त मी एकट्याने.

मग कार्यकारिणीने मला बोलावलं.

"नाना," आप्पासाहेब म्हणाले, "गावात वीस जणांनी जे पुस्तक आपापल्या खटपटीने मिळवून वाचलं, ते वाचनालयाच्या कपाटात नाही. डॉक्टर आले आणि त्यांनी कपाट उघडलं, तर?"

"आप्पासाहेब, स्पष्ट सांगू? असं पुस्तकच नाही."

सगळ्यांनी आधी एकमेकांकडे पाहिलं. मग वाकणकरबाईंना हसू फुटलं, आणि मग सगळेच.

"वाळवी झाली," आप्पासाहेब डोळे पुसत म्हणाले, "मगर झाली, आणि आता पुस्तकच नाही! नाना, थापेला काही काळवेळ?"

"खरंच सांगतोय."

"वर्धापनदिनापर्यंत पुस्तक कपाटात दिसलं पाहिजे," ते म्हणाले. आता ते हसत नव्हते. "नाहीतर आम्हाला दुसरा माणूस बघावा लागेल. आणि खोल्याही त्यालाच द्याव्या लागतील. समजलं?"

दुसऱ्या दिवशी मी पोस्टात जाऊन डॉक्टरांना ट्रंक कॉल लावला. पोस्टमास्तर टपाल घेऊन स्टँडवर गेल्याचं बघूनच गेलो, कारण गोष्टीतल्या तारेचं कलम त्यांचं होतं. सकाळ अख्खी बाकड्यावर बसलो तेव्हा कुठे लाइन मिळाली.

"मी वाचनालयातून मुळ्ये बोलतोय, ग्रंथपाल. डॉक्टरसाहेब, ती कादंबरी कुठेच नाही. लेखकही नाही. असं पुस्तक नाहीच ना?"

तिकडे नुसती खरखर. मला वाटलं लाइन तुटली.

"आणखी कुणी म्हणालं असं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही. सगळे म्हणतात वाचली. साहेब, माझी नोकरी जायची वेळ आलीये. तुम्ही फक्त एक शब्द आप्पासाहेबांना सांगितलात तर..."

"शोधत राहा," ते म्हणाले. "सापडेल." आणि फोन ठेवला.

घरी येऊन इंदूला सांगितलं. संध्याकाळी तिने पितळेची भांडी पोत्यात बांधून ठेवली, म्हणजे ऐनवेळी धावपळ नको.

वर्धापनदिनाला सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. डॉक्टर आले, बसले, आणि एकेक जण उठून बोलायला लागला. वाकणकरबाईंनी सून विहिरीत उतरवली तेव्हा बायका मुसमुसल्या. आप्पासाहेबांनी जहाज असं बुडवलं की पुढच्या रांगेतल्यांनी पाय वर घेतले. डॉ. पडत्यांनी आंधळ्या सासऱ्याच्या मनाचा तळ उकलून दाखवला. मातीवर कुणी बोललं नाही. टिटवीवर तर नाहीच.

डॉक्टर गुडघ्यावर हात ठेवून ऐकत होते. मधूनच कपाळाला आठी पडे. ती आठी माझ्या नीट लक्षात आहे.

शेवटी ते उठले.

"वीस जण बोललात. गोष्ट एकच, शेवट एकच. कमाल आहे," ते म्हणाले. "कमाल अशासाठी की ही कादंबरी मी गेल्या वर्षी तुमच्याकडे येताना एसटीत बसून बनवली. म्हणजे नुसतं नाव बनवलं. आत काही नाही. चिपटे हे आमच्या कँटीन चालवणाऱ्याचं आडनाव."

पंख्याचा आवाज एवढा मोठा असतो हे मला त्या दिवशी कळलं.

"'मी हे वाचलेलं नाही' ही चार शब्दांची गोष्ट आहे. शास्त्रज्ञाला ती रोज म्हणावी लागते. तुमच्या या गावात ती म्हणणारा एक माणूस निघाला नाही. एकही नाही."

मी मागच्या दाराशी उभा होतो. आता नाव घेतील, मग घेतील, म्हणून वाट पाहिली. बायकांच्या बाजूला इंदू माझ्याकडे बघत होती. डॉक्टर खाली बसायला लागले तसा मीच पुढे सरलो.

"डॉक्टरसाहेब, मी म्हटलं होतं. तुम्हाला फोन केला होता मी. पोस्टातून."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. ओळख पटल्याचं मी त्यांच्या डोळ्यांत स्वच्छ पाहिलं.

"कोणता फोन?" ते म्हणाले.

आणि मग सभागृह हसलं. असं हसणं मी जन्मात ऐकलं नाही. वीस माणसांचा अडकलेला श्वास एकदम सुटला. कुणीतरी ओरडलं, "नाना, मगरीच्या पाठीवरून केलात का फोन?" वाकणकरबाईंना तर ठसका लागला. दोन मिनिटांपूर्वी मान खाली घालून बसलेली माणसं आता बाकावर हात आपटत होती.

पानं मांडायला घेतली तेव्हा आप्पासाहेबांनी मला मागच्या कोठीत नेलं. तिथे वाकणकरबाई होत्या, डॉ. पडते होते. इंदू एका कोपऱ्यात तुपाचं भांडं पुसत होती.

"नाना, झालं ते वाईट झालं," आप्पासाहेब हळू आवाजात म्हणाले. "उद्या वीस घरं गावात तोंड दाखवू शकणार नाहीत. एकच मार्ग आहे. पंगतीत उभे राहा आणि सांगा की गोष्ट तुम्ही रचलीत. आम्हाला पुस्तक म्हणून सांगितलीत, आम्ही विश्वास ठेवला. चूक आमची एवढीच, की माणसावर विश्वास ठेवला."

"मी रचली?" मी म्हटलं. "सुनेला विहिरीत बाईंनी घातलं. जहाज तुमचं. सासरा पडत्यांचा!"

"नाना, शब्द जपून," वाकणकरबाई म्हणाल्या. "इथे ऐकणाऱ्याला काय खरं वाटेल? वीस प्रतिष्ठित माणसांनी गोष्ट रचली, की तुम्ही?"

मी ऐकणारा असतो तर मलाही दुसरंच खरं वाटलं असतं.

"म्हणालात तर नोकरी राहील, खोल्या राहतील. वर पगाराचंही बघू," आप्पासाहेब म्हणाले. "नाही म्हणालात तर संध्याकाळपर्यंत किल्ल्या द्या."

मी इंदूकडे पाहिलं. मला वाटलं, ही तरी तुपाचं भांडं यांच्या अंगावर फेकेल. लग्न होऊन आली तेव्हा ती तशी होती.

"म्हणा ना हो," ती म्हणाली. "आयुष्यभर फुकट मारल्यात. एक पोटासाठी मारा."

पंगत बसली. डॉक्टरांच्या शेजारचं पान रिकामं होतं, कुणी बसायला धजत नव्हतं. आप्पासाहेबांनी हात धरून मला तिथे उभं केलं.

"मंडळी," मी म्हणालो, "ही कादंबरी माझी. मीच सगळ्यांना सांगितली. बाई, आप्पासाहेब, पडते डॉक्टर, कुणाचाही दोष नाही. थाप माझी."

टाळ्या पडल्या. लोकांनी मला क्षमा केली. पडत्यांनी तर जागचं उठून पाठ थोपटली.

"पण नाना," वाकणकरबाई वाटीतली चटणी सारखी करत म्हणाल्या, "शेवट तुम्ही मला जरा निराळा सांगितला होतात हं."

"शेवट सांगा!" कुणीतरी म्हणालं. "आता नीट सांगा! सुरुवातीपासून सांगा!"

खाली बसता आलं असतं. हात जोडता आले असते. पण माझी मेल्याची खोडच अशी की कुणी 'सांगा' म्हटलं की जीभ आपोआप ओली होते. शिवाय त्यांची ती जोडजोडीची गोष्ट वर्षभर ऐकून माझ्या डोक्यात गेली होती. विहिरीतून माणूस जहाजावर जातोच कसा? ते जहाज मी गाळलं. सासरा गाळला, तार गाळली. सून तेवढी ठेवली.

सांगितलं की ती विहिरीत उतरायला लागली. पहिल्या वावेला तिने सासूचं नाव पाण्यात टाकलं, म्हणजे ते विसरली. दुसऱ्या वावेला नणंदेचं. मग नवऱ्याचं, मग माहेरचं गाव, मग पोटच्या पोराचं. सहाव्या वावेला स्वतःचं. वर काठावर सगळं घर जमलं होतं, पण जसजशी ती नावं टाकत गेली तसतशी ती वरच्यांच्या तोंडूनही जात राहिली. सातव्या वावेखाली ती पोचली तेव्हा तिला हाक मारायची म्हणून सगळ्यांनी तोंडं उघडली, आणि हाक कुणाला मारायची तेच कुणाला आठवेना. मग ते म्हणाले, विहीर रिकामीच आहे, आणि जेवायला गेले.

वाढपी जागच्या जागी थांबले होते. एक म्हातारी मोठ्याने रडली. इंदू तुपाची पळी तशीच धरून माझ्याकडे बघत होती, आणि तूप तिच्या पायावर थेंबथेंब पडत होतं. डॉक्टरांचा मोदक अर्धा तोंडात, अर्धा हातात.

जेवणं झाल्यावर त्यांची बॅग घेऊन मी स्टँडवर गेलो. ते काम ग्रंथपालाचंच. गाडीला वेळ होता. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"फोन आठवतो ना तुम्हाला?" मी विचारलं.

"अर्थात. म्हणालात की असं पुस्तक नाही. मी म्हटलं, शोधत राहा."

"मग सभेत का..."

"नाना, ऐका." ते समजूत घातल्यासारखे बोलले, अगदी प्रेमाने. "एक माणूस खरं बोलला, असं मी सांगितलं असतं तर घरी जाईपर्यंत प्रत्येकाला वाटलं असतं, तो एक म्हणजे मीच. धडा फुकट गेला असता. शिवाय मला यावर लेख लिहायचाय. 'एकही नाही' हे वाक्य कसं स्वच्छ आहे. त्यात तुम्ही कुठे बसणार?"

"माझी नोकरी जात होती."

"गेली नाही ना?"

गाडी फाट्यावर वळताना दिसली.

"एक गोष्ट मात्र सकाळपासून मला खटकत होती," ते म्हणाले. "वीस माणसं वीस प्रकारचं खोटं बोलतील असं मी धरून चाललो होतो. बोलले ते सगळे एकच. हे आपोआप होत नाही, नाना. कुठेतरी उगम असावा लागतो. पंगतीत तुमची गोष्ट ऐकली आणि उलगडलं."

"डॉक्टरसाहेब, ती मी तिथल्या तिथे रचली. पानासमोर उभं राहून."

"एवढी? उभ्या उभ्या?" त्यांना खरोखरच गंमत वाटली. "आणि फोन करून आधीच हात धुऊन ठेवलेत. हुशार आहात हो."

"तुम्हीच एक आहात ज्याला ठाऊक आहे की मी..."

"तसं तुम्ही म्हणणारच," डॉक्टर म्हणाले.

गाडी आली. मी बॅग वर चढवली. खिडकीत बसल्यावर त्यांनी हात बाहेर काढून माझ्या खांद्यावर थोपटलं. "लेखात तुमचं नाव घालणार नाही. काळजी करू नका. पण गोष्ट छान होती. खरंच."

कंडक्टरने घंटी मारली.

परत आलो तेव्हा इंदूने पोत्यातून पितळेची भांडी काढून फळीवर पुन्हा मांडली होती. पायाला तुपाचे चटके बसले होते, त्यावर तिने खोबरेल लावलं होतं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "वर्षभर रडवलंत मला. तुम्हीच होतात, तर एका शब्दाने सांगायचं तरी होतंत."

मी चपला काढल्या.

"चुकलं माझं," मी म्हणालो.